कोपरा फाडलेलं कार्ड

मयताच्या घरी हसू नये म्हणतात. त्यामुळे तिथं दाबून धरलेलं हसू माणसं बाहेर कुठंतरी आणून सोडतात. आमच्या दिंद्रुड गावात ती ते आमच्या बाकड्यावर आणून सोडायची. हे बाकडं गफूरभाई टेलरच्या दुकानासमोर होतं. शाळा सुटली की आम्ही तिघं तिथं जमायचो. मशीनवर गफूरभाई, मांडीवर थैली घेऊन पोस्टमन कुंडलिक, आणि मी, प्राथमिक शाळेचा मास्तर.

माझं अक्षर बरं होतं. तेवढ्या एका गुन्ह्यासाठी गावानं दुखवट्याची पत्रं लिहायचं काम माझ्या गळ्यात टाकलं. गावात एसटीडीचा पिवळा बोर्ड लागला, केबलवाला तारा ओढून गेला, पण मयताच्या घरी कार्ड पाठवायचं ते पाठवायचंच. माझा चार ओळींचा मसुदा ठरलेला. 'निधनाची वार्ता ऐकून अतीव दुःख झाले. वैकुंठवासी अत्यंत मनमिळाऊ स्वभावाचे होते. ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.' नाव तेवढं बदलायचं. माणसं मरत गेली, मी लिहीत गेलो आणि किस्से साचत गेले.

*

पहिला दणका किराणा दुकानदार महादप्पानं दिला. घर लिंगायत, कपाळाला भस्म लावल्याशिवाय दुकान उघडायचं नाही. त्याचा मामा गेला. मी झोकात कार्ड लिहून दिलं. त्यानं चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून माझ्याकडं बघितलं.

"मास्तर, म्हातारं जलमभर महादेवाच्या पायरीवरून हललं न्हाई. अन् तुमी त्याला वैकुंठात धाडता? तिथं त्याच्या वळखीचं कोण हाय?"

तेव्हापासून मी 'वैकुंठवासी' लिहिण्याआधी घराणं विचारू लागलो.

*

दिवाळी झाली की निम्मं गाव ऊस तोडायला कारखान्यावर जायचं. मागं म्हातारी माणसं राहायची. एकदा सखाराम म्हातारा आला. त्याच्या व्याह्याचा बैल तिकडं फडातच मेला होता. ऐन हंगामात बैल जाणं म्हणजे काय, ते तोडणीवाल्याला विचारावं. म्हातारा म्हणाला, कार्ड लिहा.

मी अडलो. मसुदा माणसांचा होता. वैकुंठ गाळलं, आत्मा गाळला आणि 'मनमिळाऊ स्वभावाचे' खोडायला लागलो, तर म्हाताऱ्यानं माझा हात धरला.

"ते राहू द्या मास्तर. बैल तसाच होता. मागं इवायाच्या भावासाठी लिवलं होतं, ते खोटं होतं."

*

एसटीडी बूथ आल्यावर अंबादासला वाटलं, आता कार्डाची कटकट संपली. त्याचा दोस्त पुण्याला कंपनीत लागला होता. दोस्ताचे वडील वारले. अंबादास काचेच्या डब्यात शिरला, नंबर लागला आणि समोरचे बिलाचे लाल आकडे पळायला लागले. त्याची नजर त्या आकड्यांवरून हलेना.

"हॅलो, आबा गेले का? लई वाईट झालं. होणारं होऊन गेलं. ठिवू का?"

झालं एवढंच. बाहेर आला तो घाम पुसतच बाकड्याकडं.

"मास्तर, त्या डब्यात रडायला सुधरंना. राहिलेलं कार्डावर लिवा."

*

आमच्याकडं मरणाची बातमी कळवायची तर कार्डाचा एक कोपरा फाडतात. फाटका कोपरा दिसला की अक्षर न येणाऱ्यालाही कळतं, कुणीतरी गेलं. असं कार्ड असो की दुखवट्याचं, वाचून झालं की फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही.

एकदा कुंडलिकनं अनसूयाबाईचं कार्ड उंबऱ्यावर ठेवलं, कारण घरची सगळी शेतात गेली होती. शेजारच्या शेळीनं त्याचा कोपरा खाल्ला. अनसूयाबाई आली, कार्ड बघितलं आणि तिथंच बसकण मारली. गेवराईचे दाजी आजारी होते, तेच गेले असणार. गल्ली गोळा झाली.

"देवमाणूस होते हो दाजी. कधी कुणाला उलटा शब्द बोलले न्हाईत. बहिणीला माझ्या फुलावानी जपलं."

मला बोलावणं आलं. मी वाचलं, 'नातू झाला. बाळबाळंतीण खुशाल. दाजींची तब्येत आता सुधारली आहे.'

अनसूयाबाईनं पदरानं डोळे कोरडे केले, जमलेल्या बायकांवरून नजर फिरवली.

"जिता हाय व्हय? मंग मी मघाशी बोलले ते कुणी त्येच्या कानावर घालू नका. लई चढून बसंल."

*

गफूरभाईला माझा मसुदा कधीच आवडला नाही. एकदा त्यानं सुईत दोरा ओवता ओवता सुनावलं.

"मास्टर, तुमचा माल एकाच नापाचा. सगळ्यांना एकच सदरा. मी मेलेल्याचं कापड शिवलं तरी आधी गळा मोजतो."

मला राग आला होता, हे कबूल करतो. कारण तो खरं बोलत होता.

*

आता सोपान आणि कोंडाबाई.

हे दोघं सख्खे भाऊबहीण. एकाच गल्लीत राहायचे, मधे तीन घरं. आईबाप कधीच गेलेले. सोपाननं बहिणीची पोर आपल्याला सून म्हणून मागितली होती. कोंडाबाईनं ती सिरसाळ्याला दिली. त्यावरून जे भांडण झालं, त्यात ती गल्लीदेखत म्हणाली, "आजपासून माझा भाऊ मेला." पुढं अकरा वर्षं दोघं बोलले नाहीत. नळावर एक आला की दुसरा घागर घेऊन माघारी फिरायचा.

मग कोंडाबाईचा नवरा वारला. सोपान मातीला आला, सगळ्यांच्या मागं उभा राहिला आणि न बोलता परत गेला.

आमच्याकडं तेराव्याला माहेरचं लुगडं येतं. ते नेसून बाई उंबऱ्याच्या बाहेर पाऊल टाकते. लुगडं आलं नाही, तर तिचं माहेर त्या दिवशी संपलं. कोंडाबाईला माहेर म्हणजे हा एकच भाऊ. आणि न विचारता लुगडं नेलं आणि तिनं ते परत केलं, तर सोपानला गल्लीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

चौथ्या दिवशी सोपान बाकड्यावर येऊन बसला.

"मास्तर, एक कार्ड लिवा. कोंडीला."

"अहो, तीन घरं सोडून तर राहते."

"अकरा वर्सं झाली. तोंडानं बोलायची सवय गेलीया."

मी 'निधनाची वार्ता' सुरू केलं. त्यानं मान हलवली.

"ते नगं. लिवा, 'लुगडं घिऊन ठिवलंय. आणू का?' बस."

गफूरभाईचं मशीन थांबलं. मी लिहिलं, पत्ता घातला. सोपान म्हणाला, "आता कोपरा फाडा."

"दुखवट्याच्या पत्राचा फाडत नाहीत. मेल्याची बातमी असली तरच फाडतात."

"मंग बरोबरच हाय की. मी तिला मेलेलाच हाय."

त्यानं स्वतःच्या हातानं कोपरा फाडला आणि कार्ड टपालाच्या डब्यात टाकलं. कुंडलिक म्हणाला, मी आत्ताच नेऊन देतो. सोपाननं ऐकलं नाही.

कार्ड माजलगावला गेलं, शिक्का मारून घेतला आणि मयताच्या आठव्या दिवशी तीन घरं पलीकडं पोचलं. कोंडाबाईनं मला बोलावलं. ती भिंतीला टेकून बसली होती. मी वाचून दाखवलं.

"कोपरा तुमी फाडला?"

"नाही. त्यानं फाडला. मी नको म्हणत होतो."

तिनं हात पुढं करून कार्ड मागून घेतलं. रीतीप्रमाणं फाडेल असं मला वाटलं. तिनं ते मांडीखाली सरकवलं.

"जबाब लिवा."

"काय लिहू?"

"काय बी लिवू नका. त्याला कुठं वाचता येतंय? पत्ता घाला. अन् चारी कोपरे जपून न्या."

मी कोऱ्या कार्डावर सोपानचं नाव लिहिलं. म्हटलं, जाता जाता देतो.

"न्हाई. त्याचं पोस्टानं आलं, माझंबी पोस्टानं जाऊ द्या."

तेराव्या दिवशी सकाळपासून सोपान आमच्या बाकड्यावर बसून होता, शेजारी कापडी पिशवी. चहा आला, त्याला हात लावला नाही. टपालाची थैली घेऊन येणारी एसटी त्या दिवशी उशिरा आली. कुंडलिकनं थैली तिथंच बाकड्यावर सोडली आणि सगळ्यात आधी ते कार्ड काढलं.

मी वाचायला हात पुढं केला. सोपाननं कार्ड माझ्याकडं दिलं नाही. उलटं केलं, सुलटं केलं. मग एकेका कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, चारीही. कार्ड बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं आणि पिशवी उचलली.

"राहू द्या मास्तर," तो म्हणाला. "वाचलं."