तांबड्या बैलावरचा हिरवा ठिपका

आमच्याकडे गुरांच्या बाजारात सौदा बोटांनी होतो. दलाल खांद्यावरचा दुपट्टा घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या हातांवर टाकतो. त्याखाली ते एकमेकांची बोटं दाबतात, आणि सौदा ठरेपर्यंत भोवतीच्या माणसांना आकडा कळत नाही. हात दुपट्ट्याखाली असताना तिसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण जो मोडेल त्याला पुढच्या बाजारात कोणी बैलाचे दात पाहू देत नाही. बोटं झाकायची सोय आमच्या वाडवडिलांनी केली. डोळे झाकायची करायला मात्र विसरले.

मी दुसऱ्यांची गुरं राखत मोठा झालो. शाळेत कमी आणि बैलांच्या मागे जास्त चाललो. बैल कसा पाय टाकतो ते पाहून त्याच्या मालकाचा स्वभाव सांगू शकतो, हे मी फुशारकीने नाही, हिशेबाने सांगतो. राग माझ्या नाकावर असतो, हेही खरं. पण राग यायला कारणही तसंच होतं.

वैनगंगेच्या पलीकडून एक व्यापारी आमच्या बाजारात येतो. त्याचं नाव मी घेत नाही. घरातही त्याला सगळे पल्याडचाच म्हणतात, म्हणून इथेही तो पल्याडचाच. मी बाजारात शिरावं, एखादं जनावर मनात धरावं, आणि दलालाला हाक मारायच्या आत ह्याचा हात तिथे दुपट्ट्याखाली गेलेला असावा. एकदा नाही, दरवेळी. पांढरा गेला, कपाळावर चांद असलेला गेला, एक तर असा काळा गेला की मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. आणि लोकांनी पारखी कोणाला ठरवलं? ह्याला! शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, मांडवात खुर्ची ह्याला, नारळ ह्याला. माझ्याच सोयऱ्यांपुढे पान चघळत म्हणाला होता, "बैल ओळखाले डोळा लागते भाऊ. तो काई बाजारात विकत नाई भेटत." सोयरे हसले. मी ते हसणं आजही विसरलो नाही.

मी काही गप्प बसणाऱ्यांतला नाही. मी ठरवलं की हवा असलेल्या बैलाकडे पाहायचंच नाही. त्याच्या शेजारच्याकडे पाहायचं, चांगलं टक लावून, मान हलवत, पसंत पडल्यासारखं. त्याचा मी असा सराव केला की माझं मलाच कौतुक वाटायचं. तरी पल्याडचा शेजारचा बैल सोडून नेमका माझ्या मनातलाच न्यायचा. मग मीही मनातल्या मनात म्हणू लागलो की नालायक असला तरी ह्याला डोळा आहे. हे म्हणताना जीव किती जळायचा ते विचारू नका.

अशात माझी भाची नागपूरहून आली. बहिणीची मुलगी, तिथल्या कॉलेजात माणसाची नजर कुठे जाते ते मोजणाऱ्या यंत्रावर संशोधन करते. तिने पिशवीतून चष्म्यासारखं काहीतरी काढलं. त्याच्या चौकटीच्या आतल्या बाजूला बारीक दिवे, ज्यांचा उजेड आपल्याला दिसत नाही. बारीक कॅमेरे, जे डोळ्याच्या बाहुलीवर लक्ष ठेवतात. आणि पुढे एक कॅमेरा, जो समोरचं चित्र घेतो. दोन्ही जोडले की त्या चित्रावर हिरवा ठिपका फिरतो. ठिपका जिथे, तिथे नजर.

"हे कोण्या कामाचं?" मी विचारलं.

तिने जेवता जेवता सांगितलं. लकव्याने ज्याचे हात आणि बोलणं गेलं, तो पडद्यावरच्या अक्षरांकडे पाहून घरच्यांशी बोलतो. कोळशाच्या खाणीतल्या डंपरमध्ये असाच कॅमेरा लावतात, ड्रायव्हरची पापणी जड झाली की तो ओरडतो. वाचताना अडणाऱ्या पोरांची नजर ओळीत नेमकी कुठे घसरते तेही कळतं. आणि तिला स्वतःला शोधायचं होतं ते हे, की जनावरातला जाणकार माणूस बैल पाहताना आधी काय पाहतो, मग काय पाहतो. ते कळलं तर गुरांच्या डॉक्टरकीची पोरं लवकर तयार करता येतील.

"डोळ्याची चोरी पकडते म्हण ना."

"चोरी नाई मामाजी, नोंद. डोळा एका सेकंदात दोन-चारदा उडी मारतो. आपल्याले पत्ताच नसते."

"मग मी आहो की जाणकार. लाव मले."

"तुमी तर आहातच. पण अजून एक पाहिजे. पलीकडून येतात ना ते, लय मोठे पारखी आहेत म्हणे."

मी हातातला घास ताटात ठेवला. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि भाचीला म्हणाली, "आता तू उद्या सकाळपर्यंत काई विचारू नको ह्यायले."

सकाळी मी हो म्हटलं. यंत्रापुढे सोक्षमोक्ष होईल, निदान ह्याचा डोळा असा काय पाहतो ते तरी कळेल, हा हिशेब. शिवाय मला बाजारात जाणं भागच होतं. माझ्या तांबड्या बैलाचा जोडीदार पान लागून, म्हणजे साप चावून, मेला होता. माझी खालची बांधी, म्हणजे बांध घातलेलं सखल शेत, अशी की तिथे धानाच्या चिखलात ट्रॅक्टर रुततो, बैलच लागतात. आणि एकटा बैल म्हणजे अर्धा दरवाजा. उंची, शिंगं, चाल, सगळं जुळलं पाहिजे. कोरपन्यापर्यंतचे बाजार पाहून झाले होते. बैल होते, जोडीदार नव्हता. उन्हाळा संपत आला होता. ह्या बाजारात मिळाला नसता तर खालची बांधी पडीक राहिली असती.

बाहेरच्या उन्हात यंत्राला बाहुली सापडत नव्हती, म्हणून भाचीने टिनाच्या शेडखाली बैलांची एक रांग निवडली. तिच्याकडे तसे दोन चष्मे होते; एक मला चढवला, एक पारखी म्हणून हौसेने आलेल्या पल्याडच्याला. एका पुठ्ठ्यावर काळे ठिपके होते. मान न हलवता एकेकाकडे पाहायचं, म्हणजे यंत्राला आपला डोळा ओळखू येतो. मान न हलवता गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही. पल्याडच्याच्या पापण्या इतक्या झुकलेल्या की यंत्र म्हणे डोळाच नाही. त्याला तोंड धुवायला पाठवलं.

"डोळा नाई म्हणते मशीन!" मी सगळ्या शेडला ऐकू जाईल असं म्हणालो.

"मशीन तुह्या घरचीच आहे," तो तोंड पुसत म्हणाला.

भाची म्हणाली, "एकेक जण जा. रांग पाहा, मनात एक बैल धरा, बोलू नका."

"एकेक काऊन?" पल्याडचा म्हणाला. "आमी नेहमी संगच पायतो. नाई का भाऊ?"

आणि मी, ज्याला थांबणं ठाऊक नाही, म्हणालो, "हो, संगच. माह्यासमोरच होऊ दे." भाचीने कपाळाला हात लावला, पण बाजार तिच्यासाठी थांबणार नव्हता.

आम्ही रांगेपुढे गेलो. तो तिथे होता. तांबडा, तीच उंची, तशीच आत वळलेली शिंगं. माझ्या बैलाला आरशात पाहावं तसा. त्याचं दावं धरून एक म्हातारी बाई उभी होती. मी ताबडतोब शेजारच्या पांढऱ्यावर नजर रोवली आणि "वा" म्हणालो. सराव तो सराव.

मग चहाच्या टपरीवर भाचीने लॅपटॉप उघडला. अर्धा बाजार गोळा झाला. आधी माझं चित्र. हिरवा ठिपका शेडमध्ये शिरला, डोळ्याचं पातं लवायच्या आत तांबड्याच्या तोंडावर टेकला आणि भाजल्यासारखा पांढऱ्यावर उडाला. तिथे ठाण मांडून बसला. पण मधूनच चोरपावलांनी जायचा तांबड्याच्या खुरावर, परत. तांबड्याच्या खांद्यावर, परत. सगळे हसू लागले.

"भाऊ, तुमी पांढऱ्याले पायत होता की पांढऱ्याच्या आडून?" गर्दीतल्या एकाने विचारलं.

इतक्या वर्षांचं माझं नाटक एका ठिपक्याने भर टपरीवर उघडं केलं. मी काही बोलणार तोच भाचीने पल्याडच्याचं चित्र लावलं.

त्यात रांग होती, शेपट्या होत्या, शिंगं होती. ठिपका त्यांतल्या कशावरच नव्हता. ठिपका होता माझ्या तोंडावर. मी वळलो, ठिपका वळला. माझ्या डाव्या डोळ्यावर थांबला, मग उजव्या डोळ्यावर, मग नाकावर एकदा सहज, मग परत डोळ्यांवर. बैलांवरून तो एकदाच गेला, तोही त्या म्हातारीच्या हातातल्या पानाच्या डब्याकडे जाताना.

मग कोणीतरी म्हणालं, "अबे, हा तर बैल पाहूनच नाई राह्यला! हा भाऊलेच पाहून राह्यला!"

काय सांगू! मला वाटलं माझे पाय जमिनीला लागतच नाहीत. तो मागचा पांढरा मी निवडला होता! काळा मी निवडला होता! तो कपाळावरचा चांद, ती मांडवातली खुर्ची, तो नारळ, सगळं माझ्या ह्या दोन डोळ्यांचं! मी बाकावर उभा राहिलो. टपरीवाल्याला म्हटलं सगळ्यांना चहा दे, भजी दे, जो मागेल त्याला दे. एका अनोळखी माणसाला मिठी मारली. भाचीला म्हटलं, "पुन्हा लाव, सुरुवातीपासून लाव," आणि आम्ही पुन्हा पाहिलं, आणि माझ्या नाकावर ठिपका आला की लोक शिट्ट्या मारायचे.

"मामाजी, माझा प्रयोग तर पार बिघडला," भाची हसत हसत डोळे पुसत होती. "पण हे बिघडलेलंच जास्त कामाचं दिसून राह्यलं." मग इकडेतिकडे पाहून म्हणाली, "पण ते कुठी गेले?"

बाक रिकामा होता. त्याचा चहा तसाच ठेवलेला, वाफ निघत होती.

माझं चित्र त्यानेही पाहिलं होतं! तांबड्यावर माझा ठिपका किती वेळा गेला ते सगळ्या टपरीने पाहिलं होतं! मी धोतर सावरत पळालो. दोघे-तिघे भजी हातात घेऊन माझ्या मागे पळाले.

शेडखाली पोचलो तेव्हा दुपट्टा पडला होता. एका बाजूला म्हातारीचा हात, दुसऱ्या बाजूला त्याचा. माझ्या तोंडापर्यंत आलेल्या शिव्या मी गिळल्या, कारण आता तोंड उघडणं म्हणजे बाजारातून उठणं. मी फक्त उभा राहू शकत होतो. समोर माझी खालची बांधी दुपट्ट्याखाली चालली होती.

तेवढ्यात पल्याडच्याने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

सवय! हात सौद्यात, आणि डोळे माझ्या डोळ्यांवर. बैल खरंच घेण्यासारखा आहे का, हे तो अजून माझ्या तोंडावरच वाचत होता. मला टपरीवरचं माझं चित्र आठवलं. टक लावून पाहिलेलं तो कधीच खरं मानत नव्हता. तो चोरटी नजर मानायचा, ती भाजल्यासारखी उडी.

मी शांतपणे छपराकडे पाहायला लागलो. मग पटकन, पातं लवायच्या आत, बैलाच्या मागच्या डाव्या खुराकडे. परत छपराकडे. थोडं थांबून पुन्हा तोच खूर, आणि नजर अशी काढून घेतली की माझा मलाच शहारा आला. मग त्याच्याकडे पाहून किंचित हसलो, जणू त्या खुरात खोट आहे आणि बैल त्याच्याच गळ्यात पडतोय. तोंडातून शब्द काढला नाही. नियम शब्दांचा आहे.

दुपट्टा हलायचा थांबला. पल्याडच्याने खुराकडे पाहिलं. बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच त्याने बैलाचा खूर पाहिला असेल, आणि पाहून त्याला काय कळणार? पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी छप्पर पाहत होतो. त्याने हात काढून घेतला.

"राहू द्या बाई," तो म्हणाला. "पुढच्या बाजारी पाहू."

दलालाने दुपट्टा झटकायच्या आत माझा हात तिथे होता. म्हातारी पक्की होती. माझी दोन बोटं तिने अशी दाबली की हाडं वाजली, आणि मीही तिची सोडली नाहीत. खूप दिवसांनी असा सौदा केला. शेवटी ती म्हणाली, "घे बाबा, तुया डोळ्यात दिसतेच तुले किती पायजे तो," आणि दावं माझ्या हातात दिलं. तिला यंत्र लागलं नव्हतं.

पल्याडचा खांबाला टेकून उभा होता. बैल बाहेर काढला तसा तो मागून चालत आला, वाकून खूर पाहिला, सरळ झाला, पुन्हा वाकला.

"काय होतं पायात?"

"काई नाई."

"मग काऊन पायत होता?"

"तू पाहून राह्यला होता म्हणून."

तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मला वाटलं आता भांडण होणार, आणि मी त्यासाठी तयारच होतो. पण त्याच्या पोटातून आधी एक घरघर आली, मग तो इतका हसला की त्याला बैलाच्याच पाठीचा आधार घ्यावा लागला. मी नाही हसलो. निदान त्याच्यासमोर तरी नाही. मी म्हटलं, "आता टपरीवर चाल. तिथी सगळ्यायसमोर सांग, पांढरा कोणाचा होता, काळा कोणाचा होता."

"सांगतो ना बाप्पा," तो डोळे पुसत म्हणाला. "मार्कंड्याची शपथ, सगळं सांगतो. पण एक सांग, चांदवाला खरंच चांगला होता का? मले आजवर समजलं नाई."

मी त्याला चांदवाल्याचे पाय, खांदा, चाल, सगळं सांगत टपरीपर्यंत आलो. बैल आमच्या मधून चालत होता.