वाळूतली अंडी

आमच्या घरात ‘अंडं’ हा शब्द तोंडातून काढायची सोय नव्हती. खाणं तर दूरच. भिंतीच्या फटीत पालीचं अंडं सापडलं तरी माझी आत्या त्याला नुसतं ‘ते’ म्हणायची. तेव्हा आमचा मुलूख पश्चिम खानदेशात मोडायचा आणि मी गावच्या शाळेतला नवाकोरा मास्तर होतो, म्हणजे स्वतःच्या मते सर्वज्ञ.

आत्या दर हिवाळ्यात तापीच्या वाळूत हौसेने टरबुजं लावी. त्या वर्षी आळी खणताना तिच्या फावड्याखाली कासवाची बारा अंडी निघाली. एक फुटलं. आपल्या हातून जीव गेला म्हणून तिला रडू आवरेना. आता उरलेली तरी जगायला हवीत, एवढंच ती म्हणत होती. मला बोलावणं आलं. मी नुकताच वर्गात बेडकाचा धडा शिकवला होता. कासव पाण्यातलं, तेव्हा त्याची अंडीही पाण्यातच हवीत, असं ठणकावून सांगत मी ती पाण्याने भरलेल्या घमेल्यात ठेवली.

आत्या घमेल्याकडे बघून म्हणाली, “पाणीमाच ठेवनं व्हतं, ते माय रेतीमा कसाले उनी?”

कासवाची मादी पाणी सोडून वाळूत कशाला आली, ते शोधायला मी घरी जाऊन पुस्तक काढलं. बेडकाच्या अंड्याला कवच नसतं, म्हणून ते पाण्याबाहेर सुकून जातं. फार फार पूर्वी काही प्राण्यांच्या अंड्यांवर कवच आलं. आतच पाणी, आतच शिदोरी. म्हणून त्यांना नदी-तळी सोडून जमिनीवर राहता आलं. कासवं पुढे पाण्यात परतली, पण अंडी घालायला अजून जमिनीवरच येतात. त्या अंड्यांतल्या पिल्लांना कवचातून हवा मिळावी लागते. म्हणजे मी अकरा जीव बुडवत ठेवले होते! धापा टाकत नदीवर पोचलो, तर आत्याने ती केव्हाच काढून वाळूत पुरली होती. तिला पुस्तकाची गरजच पडली नव्हती. त्या दिवसापासून ती मला ‘मास्तर’ म्हणू लागली, आणि ते कौतुकाने नव्हतं.

तिने त्या जागेभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. टरबुजांपेक्षा तिथेच तिच्या खेपा जास्त.

टरबुजं संपत आली तेव्हा एका सकाळी ती थेट शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. पदर ओला, हात वाळूने भरलेले.

“मास्तर, अंडा फुटनात! नऊ पिल्ला शेतस!”

साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात तिने तो शब्द उच्चारला होता आणि तिला त्याचं भानही नव्हतं. मी शाळा तिथेच सोडली आणि तिच्यामागे नदीकडे पळत सुटलो.