माझ्या छातीवरचा लाल चौकोन

"ओ बाई, बाजूला व्हा. दिसत नाही."

पुढच्या रांगेतल्या मॅडम मला असं म्हणाल्या तेव्हा माझ्या हातात चहाचा ट्रे होता आणि समोरच्या पडद्यावर माझी छाती होती.

धरमपेठेजवळचं एक हॉटेल. डॉक्टर लोकांची परिषद. दारावरच्या फलकावर आरोग्य आणि एआय असं काहीतरी लिहिलेलं. मी केटरिंगमध्ये कामाला. पाणी द्यायचं, चहा द्यायचा, कप उचलायचे. भाषणाकडे लक्ष द्यायचं नाही, असं ठेकेदारानं सकाळीच बजावलं होतं. मी सहज वर पाहिलं.

पडद्यावरची बाई कमरेपर्यंत उघडी होती. डोळ्यांवर काळी पट्टी. पण नाक माझं. नाकातला खडा माझा. गळ्याखाली भाजल्याचा डाग, मी पाच वर्षांची असताना चुलीवरचा वरणाचा भरलेला गंज अंगावर सांडला होता त्याचा. तो डाग माझ्या आईनं पाहिला होता, नवऱ्यानं पाहिला होता. आता हॉलभर माणसं पाहत होती.

डाव्या छातीवर चट्टा होता. त्याभोवती लाल चौकोन. बाजूला इंग्रजी शब्द. मी बारावी झालेली आहे. अक्षरं लावून वाचला. लेप्रसी. कुष्ठरोग.

स्टेजवरचे डॉक्टर म्हणाले, "फक्त चार सेकंदांत." टाळ्या पडल्या.

मी बाजूला झाले. हे सांगायची लाज वाटते, पण खरं तेच सांगते. ओरडले नाही. ट्रे फेकला नाही. मॅडमला नीट दिसावं म्हणून बाजूला झाले.

तो फोटो वर्षभरापूर्वीचा. छातीवर चट्टा उठला, खाज थांबेना, म्हणून मोठ्या दवाखान्यात गेले होते. लांब रांग. आतमध्ये अर्धाच पडदा. एक तरुण डॉक्टर मोबाइल घेऊन उभा.

"ब्लाऊज काढ."

"फोटो कशाले?"

"मशीन तपासते. लवकर कर."

मी काढला. आजारी माणूस डॉक्टरला नाही म्हणत नाही. चार बाजूंनी फोटो निघाले. मग त्यानं एक इंग्रजी कागद पुढे सरकवला आणि शाईचा डबा.

"मले सही येते," मी म्हटलं.

"अंगठाच पुरे. मागे लाईन आहे."

त्यानंच माझा अंगठा धरला आणि दाबला.

मशीन म्हणालं, कुष्ठरोगाचा संशय. मग कातडीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. पंधरा दिवस मी वेगळ्या ताटात जेवले. रिपोर्ट आला, तसं काही नव्हतं. साधं गजकर्ण. मलम लावलं, दोन महिन्यांत गेलं. तो रिपोर्ट मी कपाटात ठेवला आणि विसरून गेले. फोटो कुठे गेला, हे विचारायचं असतं हे मला माहीतच नव्हतं.

चहाच्या सुट्टीत मी त्या स्टेजवरच्या डॉक्टरांपाशी गेले.

"सर, तो फोटो माझा आहे."

त्यांनी ट्रेमधून कप उचलला. त्यांना वाटलं मी चहा द्यायला आले.

"सर, ती बाई मी आहे. आणि मले तो रोग नव्हता. रिपोर्ट आहे माझ्यापाशी."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आधी गळ्याकडे, मग तोंडाकडे.

"त्याच्यावर नाव आहे का तुमचं? नाही ना? मग तो तुमचा नाही. नाव काढलं की तो फक्त डेटा असतो."

मी म्हटलं, "नाव काढलं, अंग तं माझंच आहे ना."

ते हसले. बाजूच्या दोघांना इंग्रजीत काही बोलले, तेही हसले.

ठेकेदार मागे उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं एक पेपर नॅपकिन घेतला, त्या नॅपकिननं माझ्या हातातला ट्रे धरला आणि काढून घेतला. म्हणाला, "घर जाओ. और किसी को छूना मत."

दुसऱ्या दिवशी कामाचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. माझ्यासोबत काम करणारी कांता आमच्याच वस्तीत राहते. आठ दिवसांत वस्तीला कळलं. पंधरा दिवसांत कुहीला. माझं माहेर तिकडचं. भावाचा फोन आला, "ताई, पोरीचं लग्न जमून राहिलं. थोडे दिवस येऊ नको." मी रिपोर्ट वाचून दाखवते म्हटलं. तो म्हणाला, "तुले काय वाटलं, लोक रिपोर्ट वाचतात?"

मी दवाखान्यात गेले. एका खिडकीनं दुसरीकडे पाठवलं, दुसरीनं तिसरीकडे. एक क्लार्क म्हणाला, "फोटोची तक्रार? फोटोग्राफरकडे जा." चौथ्या खेपेला एका साहेबांनी आत बोलावलं. खुर्ची समोर होती, बसा म्हणाले नाहीत.

त्यांनी फाइल उघडली. माझा अंगठा दाखवला. "उपचार, शिक्षण आणि संशोधन. तुमची संमती आहे."

"मले वाचून नाही दाखवलं."

"वाचल्याशिवाय अंगठा दिला, त्याला आम्ही काय करणार?"

कागदाची नक्कल मागितली. मिळत नाही म्हणाले. फोटो पुसा म्हटलं. त्यांनी मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन लावला, स्पीकरवर. तो फार अदबीनं बोलला. "मॅडम, फोल्डर से डिलीट कर देंगे. पर मॉडल तो उससे सीख चुका है. वो वापस नहीं निकलता."

"आणि त्याच्यावर चुकीचा रोग लिहिला आहे, त्याचं काय?"

"वो लेबल तो हॉस्पिटल से आया था."

साहेब म्हणाले, "लेबल मशीननं लावलं होतं."

मी त्या टेबलावरच्या फोनकडे बघत राहिले. पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं की उद्या एखाद्या बाईच्या छातीवर साधं गजकर्ण असेल आणि हे मशीन माझ्याकडून शिकलेलं खोटं तिला सांगेल. तीही वेगळ्या ताटात जेवेल. मला न विचारता त्यांनी माझ्या अंगाला साक्षीला उभं केलं होतं. तेही खोट्या साक्षीला.

घरी नवरा म्हणाला, "सोड न वं आता. काहून खपली काढून राहिली? जेवढं बोलशील तेवढं पसरन." तो वाईट नाही. ऑटो चालवतो, त्यालाही सवारीच्या तोंडून ऐकावं लागत होतं. मी सोडलं. खरंच सोडलं. बंद गळ्याचे ब्लाऊज शिवून घेतले. आंघोळ करताना मान वर धरायची, खाली बघायचं नाही. माझंच अंग मला परक्याचं वाटायला लागलं.

दीड महिन्यानं साहेबांचा निरोप आला. या वेळी खुर्ची दिली. पाणी दिलं. कागद मराठीत होता. "सदर छायाचित्र माझे असल्याबाबत माझा कोणताही दावा नाही व भविष्यात राहणार नाही."

"सही करा," साहेब म्हणाले. "तो फोटो परत कुठे दाखवणार नाही. आणि इथं सफाईच्या ठेक्यात तुम्हाला लावून घेऊ. काम नाही ना तुम्हाला सध्या?"

सगळी माहिती होती त्यांना.

मी पेन हातात घेतलं. घरी बसून तीन महिने झाले होते. माझ्या पोरीचं कॉलेज डोळ्यांपुढे आलं. पेन टेकवलंसुद्धा. मग तो कागद पुन्हा वाचला. छायाचित्र माझे नाही. म्हणजे तो डाग माझा नाही. ते उकळतं वरण माझ्या अंगावर सांडलंच नाही. आईनं रात्रंदिवस मांडीवर घेऊन फुंकर घातली, ती कोणाला?

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

"फॉर्मॅलिटी आहे बाई."

"खोटं आहे. मी नाही करत सही."

शौर्य वगैरे काही वाटलं नाही. जिना उतरताना वाटलं, परत वर जावं आणि सही करून यावं. नाही गेले.

तिथून थेट कोर्टाजवळ बसणाऱ्या एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं, लिहून घेतलं. खोटी आशा दिली नाही. म्हणाल्या, "डॉक्टर कंपनीकडे बोट दाखवील, कंपनी दवाखान्याकडे, दवाखाना तुमच्या अंगठ्याकडे. डेटाचा कायदा नवा आहे, त्यात तुमच्यासारखी केस मी तरी अजून लढलेली नाही. मशीन चुकलं तर दोषी कोण, हे कोर्टालाही ठरवावं लागेल. वर्षं जातील. हरूसुद्धा शकतो." मग म्हणाल्या, "आणि फोटो तुमचाच आहे हे सिद्ध करायला तो डाग दाखवावा लागेल. चट्ट्याची जागा पण."

म्हणजे पुन्हा ब्लाऊज काढायचा. मी त्यांच्या ऑफिसात रडले. परिषदेत रडले नव्हते, तिथे रडले.

त्या म्हणाल्या, "विचार करा. घाई नाही."

मी चार दिवस विचार केला. फोटो परत येणार नाही. मशीन विसरणार नाही. भाऊ बोलावील की नाही, माहीत नाही. जिंकले तरी काय मिळेल, तेही माहीत नाही. आणि एक गोष्ट कळली. मला रोग नव्हता, हे मी सगळ्यांना ओरडून सांगत होते, जणू रोग असता तर त्यांनी केलं ते बरोबर ठरलं असतं. रोग असता तरी ती छाती माझीच होती.

पाचव्या दिवशी जाऊन वकालतनाम्यावर सही केली. आधी पूर्ण वाचला. दोन शब्द अडले, ते विचारले. वकीलबाईंनी डागाचं विचारलं.

मी सांगितलं, दाखवीन. बंद खोलीत, बाई अधिकाऱ्यासमोर. मी हो म्हटल्यावर, मी म्हणेन तेवढंच. मोबाइल बाहेर ठेवायचे. आणि काय पाहिलं, कशासाठी पाहिलं, ते मराठीत लिहून पाहणाऱ्यानं त्याखाली स्वतःच्या नावानं सही करायची. एवढं कबूल नसेल तर कोणी माझ्या अंगाला डोळा लावायचा नाही. डॉक्टर असो, न्यायाधीश असो, की मशीन.