मेंढराचा वास

धर्मापुरीतले माझे शेजारी मामा मेंढपाळ होते. चाऱ्याअभावी कळप विकल्यापासून ते फारसं बोलत नसत. काही विचारलं तर आधी लांब बघायचे, मग "हाय की" एवढंच म्हणायचे.

यंदा मी त्यांना सोबत हिमालयात भटकायला नेलं. परळीला रेल्वेत बसल्यापासून ते खिडकीबाहेरच बघत होते.

डोंगरातल्या एका गावाजवळ, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या भातखाचरांच्या कडेला, चरत्या कळपामागे एक मेंढी लंगडत होती. मामांनी तिला मांडीशी धरून खुरात अडकलेला खडा काढला. ती कळपात मिसळेपर्यंत ते बघत राहिले.

खाचरातून पाणी खळखळत खाली जात होतं. मी म्हणालो, "मामा, हात धुवून घ्या."

त्यांनी ओंजळ नाकाशी नेली.

"नको रे. लई दिसांनी मेंढराचा वास आलाय हाताला."