अण्णांचा तिसरा लेटमार्क

मारुंजीहून आयटी पार्कला जाणाऱ्या आमच्या बसला रोज तासभर लागतो. अंतर ऐकाल तर हसाल! पण वीस माणसं रोज तासभर एकत्र कोंडली की किस्से साचतातच. त्यात ड्रायव्हर तानाजीअण्णा असले की विचारूच नका.

प्रत्येकाने एकेकटी गाडी काढून रस्ता तुंबवू नये, धूर करू नये, म्हणून ही बस सुरू झाली. नियम एकच, पण कडक. तीन लेटमार्क झाले की ड्रायव्हर बदलणार. जमीन विकून घरी बसलेल्या अण्णांचा या बसवर भारी जीव, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिला लेटमार्क लातूरहून नव्याने आलेल्या स्नेहलमुळे. अण्णांनी तिला फोनवर सांगितलं, गोठ्यापाशी थांबा. ती बिचारी सोसायट्यांमधून गोठा शोधत हिंडली. शेवटी अण्णाच उतरून शोधायला गेले, तर ती एका क्लबहाउससमोर उभी.

"हितंच तर हाय गोठा," अण्णा म्हणाले. "म्हशी न्हाईत एवढंच."

ती जमीन पूर्वी त्यांचीच. आता आम्हीही त्या स्टॉपला गोठाच म्हणतो.

दुसराही तिच्यामुळेच. गावाहून रात्रभर प्रवास करून ती थेट बसमध्ये चढली आणि बसल्या बसल्या झोपली. पुढे रस्ताभर म्हशी, आणि अण्णा हॉर्न देईनात! पोर झोपलीया, एवढंच म्हणाले आणि म्हशींच्या चालीने बस हाकत राहिले. मला रागच आला होता, खोटं कशाला बोलू.

आता तिसरा. आमच्याच वाटेवरच्या सोसायटीतले कदम नावाचे गृहस्थ सात सीटच्या गाडीत रोज एकटे असायचे. बायकामुलं साताऱ्याला. ट्रॅफिकमध्ये त्यांची गाडी शेजारी अडकली की अण्णा खिडकीतून विचारायचे, नाश्ता झाला का? वर बसमध्ये यायचा आग्रह. कदम हसून काच वर करायचे.

एका सोमवारी ती गाडी दिसली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी अण्णांनी बस सरळ कदमांच्या सोसायटीच्या गेटशी नेली. आम्ही घड्याळ दाखवतोय, पण ऐकतो कोण! वॉचमनला घेऊन ते वर गेले. कदमांनी कसंबसं दार उघडलं. तापाने फणफणले होते. दोघांनी धरून त्यांना खाली आणलं, स्नेहलने आपली सीट दिली आणि बस आधी दवाखान्यात गेली.

पार्कात पोचलो तेव्हा लेटमार्क लावणारा सुपरवायझर गेटवरच उभा. त्याने कारण विचारलं. आमचे सगळ्यांचे चेहरे पडलेले.

"आमचा एक माणूस आजारी हाय. कदम," अण्णा म्हणाले.

सुपरवायझरने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "कदम तर तुमच्या बसमध्ये नाहीतच."

"बसमधी न्हाईत," अण्णा म्हणाले. "शेजारच्या गाडीत असत्यात."