खोलीचा नमुना

गल्लीत त्याला सगळे ‘श्श’ म्हणत. चष्म्याच्या दुकानात तो आठवडाभर काचा घासायचा आणि सुटीच्या दुपारी घरी व्हायोलिन रेकॉर्ड करायचा. त्याआधी दारोदार फिरून, ओठांवर बोट ठेवून विनंती. वरच्या मजल्यावरची शिक्षिका जिन्यात भेटली की विचारी, “श्शभाऊ, आज शिंकलं तर चालेल ना?”

त्याचा स्टुडिओ म्हणजे कपड्यांचं कपाट. दारं सताड उघडी, आत कोटांच्या मधोमध मायक्रोफोन, पाठीमागे दोरीवर टाकलेल्या दोन रजया. फ्रिज बंद करायचा. तो परत चालू करायचं विसरून दोनदा दूध नासलं होतं. एवढं करूनही नळाची टिपटिप, लांबची गाडी, काहीतरी शिरायचंच. म्हणून तो आधी मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करी. त्याला तो ‘खोलीचा नमुना’ म्हणे. त्या नमुन्यात जे जे असेल, ते संगणक वादनातून वेचून काढी. स्वच्छ झालं की मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकायचं. डाग काचेवरचा असो की आवाजावरचा, त्याला खपत नसे.

आईच्या घशात गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. आईचं एक गाणं होतं. शिवणयंत्रावर बसली की म्हणायची. तिनंच जुळवलेलं, दुसऱ्या कुणालाच न येणारं. दवाखान्यात जायच्या आदल्या दुपारी त्यानं तिला कपाटासमोर खुर्चीत बसवलं.

“कपाटाला गाणं ऐकवू? लोक म्हणतील, म्हातारीला लागलंय वेड.”

“मिनिटभर गप्प बस गं आई. नमुना घेतोय.”

ती तळवे गुडघ्यांवर ठेवून बसली. मग गायली. आवाज घोगरा, पण चाल जागच्या जागी. संध्याकाळी त्यानं सवयीप्रमाणे गाणं स्वच्छ केलं, मूळ पुसलं आणि तिची पिशवी भरायला घेतली. ऐकायचं राहूनच गेलं.

तीन आठवड्यांनी ती घरी आली. गळ्याला भोक, त्यावर पातळ फडकं, मांडीवर लिहायची वही. त्यानं मोठ्या हौसेनं गाणं लावलं.

सूर होते, शब्द होते. दोन ओळींच्या मध्ये मात्र काहीच नव्हतं. श्वास नव्हता. घोगरेपणाही गेला होता. कुणीतरी न जगताच गात होतं.

मग त्याच्या लक्षात आलं. त्या मिनिटभरात खोलीत आईचाच घरघरता श्वास भरून राहिला होता. संगणकानं तो घाण समजून उपसला, आणि त्याच्यासोबत आईलाही.

आईनं वहीत लिहिलं, ‘ही कोण?’

“तूच की!” तो हसला.

तिनं त्या दोन शब्दांखाली रेघ ओढली.

त्यानं सगळा संगणक पालथा घातला. मूळ गाणं कुठेच नव्हतं. उरला होता तो फक्त नमुना. त्यातले पहिले काही सेकंदच त्यानं वापरले होते. पुढचं कधी ऐकलंही नव्हतं. त्यानं तो लावला.

घरघर. थांबून पुन्हा घरघर. बराच वेळ तेवढंच. आणि मग आईचा आवाज, अगदी तिचा, वैतागलेला: “झालं का रे?”

त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पाठोपाठ त्याचा स्वतःचा दबका आवाज आला: “हलू नकोस. अजून आहे.”

रेकॉर्डिंग संपलं. घरघर थांबली नाही.

त्यानं वळून पाहिलं. आई खुर्चीत ताठ बसली होती. वही खाली पडलेली, तळवे गुडघ्यांवर, नजर उघड्या कपाटावर. फडक्याआडून श्वास तेवढा येत-जात होता.

“आई, ऐकलंस ना? सापडलीस तू.”

ती हलली नाही. पापणीही नाही.

‘हलू नकोस’ ऐकून ती कशाची वाट बघतेय हे त्याला कळलं. त्यानं एकच शब्द म्हणायचा होता: झालं. तो जिभेवर आलाही. पण आईला ‘झालं’ म्हणायचं?

त्यानं हात पुढे केला आणि नमुना पुन्हा पहिल्यापासून लावला.