तेरावं पान

रविवारी सकाळी सलूनमध्ये माझी दाढी करताना दत्ताभाऊंनी वस्तऱ्याचा फेस पुसायला जुन्या क्रीडा पाक्षिकाचं एक पान फाडलं. मग बाकावरच्या साळवीकाकांनी तोच अंक उचलला आणि त्यातला एका कबड्डीपटूवरचा लांबलचक लेख वाचायला घेतला. बारावं पान संपलं आणि ते ओरडले, “दत्ता, तेरावं कुठंय?”

“फेस पुसला. हरला ओ तो, काका. सगळ्यांना माहितेय.”

“निकाल कोण विचारतंय, लेका? तो घरी गेला, आई म्हणाली, आणि पान संपलं!”

निकाल वर्तमानपत्रात एका ओळीत येतो. असे लेख लोक वर्षानुवर्षं वाचतात, कारण त्यांत हरलेला माणूस घरीही जातो.

माझी अर्धी दाढी तशीच ठेवून दत्ताभाऊंनी टोपली उपसली. पान सापडलं. फेसाखालची एकच ओळ वाचता आली: “आधी गुडघे धू, मग रड.”